नवी डिस्क घ्यायच्या आधी डबा उघडा

या वेळी वाचकांकडून आलेले प्रश्न बहुतेक सगळे हार्ड डिस्कचेच आहेत. कारणही दिसतंय, दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले डेस्कटॉप घराघरांत अजून चालू आहेत, टाकवत नाहीत आणि धड वापरवतही नाहीत. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनी पण ते वाचा, निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. २०१४ साली सिल्व्हर मॉलमधून असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, आय-थ्री चौथी जनरेशन, एच ८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. चालू केला की चहा करून पिऊन होतो तरी ते गोल फिरतंच असतं, वर सी ड्राइव्ह लाल झालाय. दुकानदार म्हणतो २ टीबीची हार्ड डिस्क टाका. भाचा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो मामा एनव्हीएमई टाक, उडेल मशीन. नक्की काय बसेल? मुलीच्या लग्नाचे फोटो आणि मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशोब सगळं त्यातच आहे, ते तर जाणार नाही ना?

उत्तर : काका, दुकानदार अर्धा बरोबर आहे आणि भाचाही अर्धा बरोबर आहे, कारण तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि ते दोघं एकेकच ऐकून राहिलेत. जागा संपली ही एक आणि मशीन रडतंय ही दुसरी. २ टीबीची हार्ड डिस्क घेतलीत तर जागा भरपूर होईल, पण विंडोज पण तिच्यावरच टाकलंत तर चहा तेवढाच लागेल. हार्ड डिस्कच्या आत खरोखरची तबकडी फिरत असते, मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलाव्या लागतात, दर वेळी डोकं तिथवर न्या, मग ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबा. सेकंदाला अशा शंभरेक उचली झाल्या तरी खूप. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. त्यामुळे सिनेमा कॉपी करताना जो फरक दिसतो त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा फरक मशीन चालू करताना दिसतो.

आता भाच्याचं. एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीचीच जास्त वेगवान जात, उत्तम आहे यात वाद नाही, पण ती एम डॉट टू नावाच्या खाचेत बसते आणि एच ८१ च्या बोर्डावर ती खाच नसते. हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) २०१३ चा, ही खाच डेस्कटॉप बोर्डांवर सर्रास दिसायला लागली ती त्याच्या नंतर. ग्राफिक्स कार्डाच्या लांब खाचेत कार्ड घालून त्यावर एनव्हीएमई बसवता येते, विंडोज सुरू झाल्यावर ती दिसतेही, पण त्या काळच्या बहुतेक बायोसला (मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिच्यावरून बूट करता, म्हणजे विंडोज सुरू करता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी घेतली तेच होणार नाही. इंटरनेटवर बायोस मॉडिफाय करायचे उपाय सापडतील, त्यात पडू नका, बोर्ड मेला तर डीडीआर-थ्री रॅमचा तसाच बोर्ड आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो.

तुम्हाला पाहिजे ती साटा एसएसडी (तुमची हार्ड डिस्क ज्या जोडणीने बोर्डाला लागते तीच साटा), अडीच इंची, चपटी, २५० नाहीतर ५०० जीबीची. विंडोज आणि सॉफ्टवेअर तिच्यावर. आणि दुकानदाराची २ टीबी हार्ड डिस्क पण घ्या, फोटो-हिशोबांसाठी. दोन्ही एकत्र नांदतात, एक काढली तरच दुसरी बसेल असं काही नसतं.

पण आधी बसेल का ते बघा, आणि हे दुकानात नाही, घरी बघायचं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एमएस इन्फो थर्टीटू (msinfo32) टाइप करा, एंटर. त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणून बोर्डाचं मॉडेल येईल आणि बायोस मोडपुढे लेगसी (जुनी पद्धत) किंवा यूईएफआय (नवी पद्धत) लिहिलेलं असेल, दोन्ही कागदावर उतरवून घ्या. मग मशीन बंद करा, मागची वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून आतला उरलेला करंट जाऊ द्या, आणि डब्याचं, म्हणजे सीपीयूच्या कॅबिनेटचं, डावं झाकण उघडा. (धूळ बघून घाबरू नका, आपल्याकडे मे महिन्यानंतर सगळ्यांच्या डब्यात असंच असतं.) झाकणाच्या लोखंडाला हात लावून मगच बोर्डाला लावा. आत तीन गोष्टी मोजायच्या. बोर्डावर एल आकाराच्या साटाच्या खाचा, एच ८१ मध्ये जास्तीत जास्त चार असतात, त्यांतल्या दोन ६ गिगाबिटच्या आणि दोन ३ गिगाबिटच्या. त्यातली एक हार्ड डिस्कने आणि एक डीव्हीडी रायटरने खाल्लेली असेल, उरल्या दोन. दुसरं, पॉवर सप्लायमधून येणाऱ्या वायरींच्या गुंत्यात चपटं काळं १५ पिनांचं साटा पॉवरचं टोक मोकळं आहे का, दोन पाहिजेत. नसतील तर डीव्हीडी रायटरचं काढून वापरा, शेवटची डीव्हीडी कधी लावली ते आठवतं का? तिसरं, हार्ड डिस्क बसायचे साडेतीन इंची खण किती रिकामे आहेत.

हे तीन आकडे आणि बोर्डाचं मॉडेल हातात घेऊन दुकानात गेलात की कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. कंपनी कुठली घ्यायची यावर लोक तास तास बोलतात, पण बसेल की नाही याचा कंपनीशी काही संबंध नसतो. साटाची डिस्क साटाच्या खाचेत बसते, नवी डिस्क जुन्या बोर्डावर चालते, फक्त जुन्या बोर्डाच्या वेगाने चालते. म्हणून एसएसडी ६ गिगाबिटच्या खाचेतच लावा, तिथे ती सेकंदाला ५०० एमबीच्या वर जाते, ३ गिगाबिटच्या खाचेत ३०० च्या आत अडकते. हार्ड डिस्कला कुठलीही चालेल, तिचा स्वतःचा वेगच दीड-दोनशेच्या आसपास. खाचेशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारा. घेताना साटाची डेटा केबल वेगळी मागून घ्या, सुट्या डिस्कबरोबर ती येतच नाही, आणि अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसवायला छोटी पट्टी आणि स्क्रू पण घ्या, हार्ड डिस्कचे स्क्रू एसएसडीला लागत नाहीत, मापच वेगळं. पट्टी नाही मिळाली तर डबल टेपने चिकटवा, एसएसडीला चालतं, तिच्यात थरथरायला काही नाही. हार्ड डिस्कला मात्र असं करू नका.

दुकानदार ४ टीबी स्वस्तात देतो म्हणाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत, एमबीआर, सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे) मोजायला ३२ बिट वापरते, म्हणजे ४२९ कोटी सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचा, गुणाकार करा, २.२ टीबीच्या आसपास थांबतो. २ टीबी त्यात मावते. ४ टीबी त्या पद्धतीने लावलीत तर अर्ध्याच्या थोडं वर दिसेल आणि बाकी फुकट. ४ टीबी घेतलीत तर ती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, करून घ्या, नुसती डेटासाठी असेल तर कसलीच अडचण येत नाही. अडचण असते ती जीपीटीवरून विंडोज बूट करायचं असेल तर, त्याला यूईएफआय लागतो, आणि तुमच्या बोर्डात तो असणारच, फक्त ज्याने विंडोज टाकलं त्याने लेगसीत टाकलंय का तेवढं तुमच्या कागदावर आलेलं असेल. आणि अजून एक, डेस्कटॉपच्या २ टीबी डिस्का बऱ्याचदा एसएमआर पद्धतीच्या असतात, तबकडीवरच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या, त्यामुळे खूप सारं एकदम लिहायला घेतलं की दमतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्का अशा निघाल्या आणि कंपनीने आधी सांगितलं नव्हतं म्हणून बरीच बोंबाबोंब झाली होती. फोटो ठेवायला एसएमआर चालते, पहिल्या दिवशी सगळा डेटा टाकाल तेव्हा जरा धीर धरा एवढंच.

आता तुमचा डेटा. सगळ्यात आधी, काही उघडायच्याही आधी, फोटो आणि हिशोब एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी, कट नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा, निळं गुड आलं तर ठीक, पिवळं कॉशन आलं तर ती डिस्क रिटायर करा. २०१४ ची आहे, तिच्या भरवशावर लग्नाचे फोटो ठेवू नका, गुड असली तरी एकटीच्या भरवशावर नाही.

विंडोज जुन्यावरून एसएसडीवर जसंच्या तसं क्लोन करता येतं, एसएसडी लहान असेल तर आधी सी ड्राइव्ह आकसून घ्यावा लागतो. मी मात्र नवं इन्स्टॉल करायला सांगीन, दहा वर्षांचा कचरा कशाला उचलून न्यायचा. टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, फक्त एसएसडी लावलेली असू द्या, नाहीतर विंडोज स्वतः एसएसडीवर जातं आणि त्याची बूटची फाइल जुन्या डिस्कवर टाकून मोकळं होतं, मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की मशीन उठतच नाही आणि कुणाला कळत नाही का ते. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना ते इन्स्टॉल करायच्या आधी बघा. आधीच टाकलेलं विंडोज असताना तो एकदम बदलला तर निळी स्क्रीन येते. लायसन्सची काळजी नको, विंडोज १० ची डिजिटल ओळख मुख्यतः बोर्डाशी बांधलेली असते, डिस्क बदलून ती जात नाही.

आणि मंडळाचे हिशोब टॅलीत असतील तर टॅलीचा डेटा फोल्डर बहुतेक सी ड्राइव्हवरच असतो, माय डॉक्युमेंट्समध्ये शोधत बसाल. जुनी निमंत्रणं, अहवाल क्रुतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले असतील तर ते फॉन्ट पण विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून उचलून ठेवा, नाहीतर नव्या विंडोजवर तोच अहवाल उघडाल आणि अध्यक्षांच्या नावाच्या जागी कंस आणि टिंबं दिसतील. इंदुरात हे फार होतं, मराठी काम पण अर्धं क्रुतिदेवमध्येच केलेलं असतं.

पैशाचं एक सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, तुमचं मशीन त्यात अधिकृतपणे बसत नाही. तेव्हा आज ना उद्या नवा डबा येणारच. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही त्या नव्या डब्यात जशाच्या तशा जातील, म्हणून त्यांवर खर्च करायला माझी हरकत नाही. डीडीआर-थ्री रॅम जाणार नाही, म्हणून रॅमवर जास्त पैसे घालू नका, जुन्यातली ४ जीबीची एक पट्टी मिळाली तर घ्या, ८ झाली की बास.

प्रश्न : दादा, टिळकनगरहून लिहितेय. जेल रोडवरून १ टीबीची नवी डिस्क आणली, लावली तर ९३१ जीबीच दाखवते. ६९ जीबी कुठे गेले? दुकानदाराशी भांडू का?

उत्तर : काकू, भांडू नका, या वेळी तो निर्दोष आहे. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं एवढे बाइट मोजते आणि विंडोज दर पायरीला १००० ऐवजी १०२४ ने भागतं. तीन वेळा भागून बघा, ९३१ येतात. ५०० जीबीची ४६५ दिसते, २ टीबीची १८६३. ९३१ च्याही खूप खाली दाखवत असेल तर मात्र मला परत लिहा. बिल फेकलं नाही ना? वॉरंटी सिरियल नंबरवर असते, पण बिल असलेलं बरं.

प्रश्न : सर, आमच्या वाचनालयात २००४ चा कंप्युटर आहे, विंडोज एक्सपी, ४० जीबी हार्ड डिस्क, पट्टीसारखी रुंद केबल. सगळ्या पुस्तकांची आणि सभासदांची यादी त्यात आहे. आता अधूनमधून टक-टक आवाज येतो. मोठी डिस्क टाकता येईल का?

उत्तर : टक-टक आवाज येत असेल तर हे वाचून झाल्यावर तो कंप्युटर चालू करू नका. मोठी डिस्क वगैरे नंतर. तो आवाज म्हणजे आतलं डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती मिळत नाहीय, प्रत्येक वेळी चालू केलं की उरलेलं पण खरवडलं जायची भीती. डिस्क काढा, तुमच्या त्या रुंद केबलच्या जोडणीला आयडीई म्हणतात, बाजारात आयडीई टू यूएसबी ॲडॅप्टर मिळतो, त्याला वेगळी पॉवर लागते ती पण बरोबर येते, डिस्कच्या मागचा छोटा जंपर मास्टरवर ठेवा, आणि दुसऱ्या चांगल्या कंप्युटरला लावून सगळ्यात आधी यादीची फाइल उचला, मग बाकीचं. पहिल्या फटक्यात दिसली नाही तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

अपग्रेडचं उत्तर नाही असं आहे. ती रुंद केबल ४० पिनांची आयडीई, तिच्या नव्या डिस्का आता बनत नाहीत. आयडीईला साटा जोडायचं कन्व्हर्टर मिळतं, पण एक्सपीत सर्व्हिस पॅक नसेल तर १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, त्या काळच्या काही बायोसची पण तीच मर्यादा, आणि ३२ बिटची एक्सपी जीपीटी ओळखतच नाही. एवढी कुस्ती करून शेवटी हातात एक्सपीच राहणार. त्यापेक्षा देणगीत कुणाचा तरी सहा-सात वर्षांचा वापरलेला डेस्कटॉप मागा, यादी एक्सेलमध्ये घ्या आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर सचिवांकडे राहू द्या.

प्रश्न : हाय दादा, मी इंजिनिअरिंग सेकंड इयर, राजेंद्रनगर. एम डॉट टू एसएसडी घेतली, बोर्डाला स्लॉट आहे, बसली पण व्यवस्थित, स्क्रू पण लावला, पण दिसतच नाही. आणि ती लावल्यापासून माझी जुनी हार्ड डिस्क पण गायब झाली!! एसएसडी खराब आहे का?

उत्तर : तू फार छान प्रश्न विचारलास कारण तिसऱ्या वाक्यातच उत्तराची अर्धी चावी आहे. बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टूचा स्लॉट आणि एखादी साटाची खाच आतून एकाच वाटेवर असतात, स्लॉट भरला की ती खाच बंद. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या खाचेत लाव, परत येईल. कुठली खाच बंद होते ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एका छोट्या टीपेत लिहिलेलं असतं, जी टीप कुणी वाचत नाही.

आता एसएसडी. कुठे दिसत नाहीय ते तू लिहिलं नाहीस. धिस पीसीमध्ये दिसत नसेल पण बायोसमध्ये दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, नवी डिस्क कोरी येते, स्टार्टवर राइट क्लिक कर, डिस्क मॅनेजमेंट, इनिशियलाइज, जीपीटी निवड, मग न्यू सिंपल व्हॉल्यूम. झालं. बायोसमध्ये पण नसेल तर डिस्कची किनार बघ. दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटावाल्या आणि एनव्हीएमईवाल्या. साटावालीला बहुतेक दोन कापे असतात, एनव्हीएमईवालीला साधारण एक. काही बोर्डांचा स्लॉट एकच जात घेतो, दुसरी बसते पण दिसत नाही, आणि तुझं तेच झालं असेल असं मला वाटतं. मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढे पीसीआयई (म्हणजे एनव्हीएमई चालेल) लिहिलंय का साटा का दोन्ही, ते वाच, आणि पॅकिंग फेकलं नसशील तर दुकानात जाऊन बदलून घे. लांबी पण बघत जा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, बहुतेक सगळीकडे हीच चालते.

प्रश्न : भाऊ, माझं सुदामानगरला झेरॉक्सचं दुकान आहे. मोठ्या कंपनीचा छोट्या डब्याचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला, त्यात आधीच एक एसएसडी आहे. सीसीटीव्हीचा डीव्हीआर बदलला तर त्यातली २ टीबी डिस्क मोकळी झाली, ती यात टाकू का? पॉवरचं टोक एकही मोकळं नाही, मेकॅनिक म्हणतो जुगाड वायर लावून देतो.

उत्तर : सीसीटीव्हीची डिस्क पण साटाचीच, चालेल. ती सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या पीडीएफ ठेवायला ठीक, विंडोज टाकायला नको. बरीच वर्षं दिवस-रात्र चाललेली असेल, क्रिस्टलडिस्कइन्फोत पॉवर ऑन अवर्स किती ते बघा, वर्षाचे ८७६० तास होतात, त्यावरून हिशोब लावा. काम संपलेल्या पीडीएफ तिच्यावर, चालू काम एसएसडीवर.

जुगाड वायरीवर मात्र थांबा. ब्रँडेड छोट्या डब्यांत बऱ्याचदा डिस्कची पॉवर सप्लायमधून येतच नाही, बोर्डावरच्या एका छोट्या कनेक्टरमधून येते, प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्याच मॉडेलची केबल मागवा, मॉडेल नंबर डब्याच्या मागच्या स्टिकरवर आहे. आणि साधा पॉवर सप्लाय असून चार पिनांच्या जुन्या टोकावरून साटा काढून देत असेल, तर साटाकडचं टोक बघा. अखंड प्लॅस्टिक ओतून केलेलं असेल तर घेऊ नका, त्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळाल्याच्या तक्रारी जगभर आहेत, आणि तुमच्या दुकानात तर चारी बाजूंनी कागद. वायरी एकेक दाबून बसवलेलं, मागची टोपी उघडणारं टोक मागा. आणि खणात साडेतीन इंची डिस्क मावते ना, ते आधी फूटपट्टीने मोजा, काही डब्यांत अडीच इंचीचीच जागा असते, मग वायर कितीही चांगली आणली तरी काय उपयोग, त्यापेक्षा तीच डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घालून बाहेर ठेवा, फक्त ती केस स्वतःच्या ॲडॅप्टरवाली घ्या, साडेतीन इंचीला यूएसबीची पॉवर पुरत नाही.